विश्लेषण : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कबड्डी, भजन, फिरणे… ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ गोंदियाच्या गोरेगावात रुजेल का?

गावातील आशाताई घरी येतात, हातातील अर्ज काढतात आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाला काही प्रश्न विचारतात. त्यात एक प्रश्न असतो, आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का? त्याच अर्जात शेवटी आणखी दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? मन उदास, निराश राहिले का? हालचाल आणि मन, दोन्हींची नोंद एकाच अर्जावर होते. मात्र या दोन उत्तरांची सांगड घालून ‘मग आता या माणसाला कुठे, कोणाबरोबर न्यायचे’ हे ठरवणारे कोणी नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने या कामासाठी पगारी माणसे नेमली. त्या पद्धतीला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ म्हणतात. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘खेलो भारत नीती’त खेळ ही लोकचळवळ व्हावी, असे म्हटले आहे. या पार्श्वभूमीवर गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या (मुंबईचे उपनगर नव्हे) धानपट्ट्यातील तालुक्यात असे काही उभे राहू शकते का, याचे हे विश्लेषण.

सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणजे काय?

झोप लागत नाही, अंग दुखते, कशात मन लागत नाही, अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या अनेकांच्या दुखण्याचे मूळ एकटेपणा, कर्ज, घरातील ताण, रिकामपण किंवा जवळच्या माणसाचे जाणे यात असते. त्यावर गोळी पुरेशी ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर त्या व्यक्तीला गावातीलच एखाद्या उपक्रमाशी जोडून देतात. तो चालण्याचा गट असेल, खेळाचा संघ असेल, बागकाम, गाणे, शिवणकाम किंवा कर्जविषयक सल्ला केंद्रही असेल.

यात एक फरक समजून घ्यायला हवा. ‘जरा फिरायला जात जा, मन रमव’ हा सल्ला आपल्याकडे शेजारीही देतात आणि डॉक्टरही. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, त्याला हा सल्ला पाळता येत नाही. उलट तो न पाळल्याची खंत वाढते. सोशल प्रिस्क्रायबिंगमध्ये सल्ल्याच्या पुढचे काम असते. कोणीतरी त्या व्यक्तीशी निवांत बोलते, तिला काय आवडते ते विचारते, पहिल्या दिवशी सोबत जाते आणि पुढच्या आठवड्यात ‘गेला होता का’ म्हणून चौकशी करते. ही चौकशी करणारी व्यक्ती म्हणजे ‘लिंक वर्कर’. मराठीत त्याला ‘दुवा कार्यकर्ता’ म्हणता येईल.

इंग्लंडमध्ये ही व्यवस्था कशी चालते?

लंडनच्या पूर्व भागातील ‘ब्रॉम्ली बाय बो’ हे १९८४ मध्ये सुरू झालेले केंद्र या विचाराच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी मानले जाते. एकाच आवारात दवाखाना, बाग आणि सामाजिक मदत अशी त्याची रचना झाली. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या म्हणजे एनएचएसच्या दीर्घकालीन आराखड्यात ही पद्धत अधिकृतपणे आली. एक हजारांहून अधिक दुवा कार्यकर्ते नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत नऊ लाखांहून अधिक लोकांना या सेवेकडे पाठवायचे, असे उद्दिष्ट ठरले. या कार्यकर्त्यांचा पगार सरकारी निधीतून देण्याची सोय झाली.

खेळाचे उदाहरण ‘पार्करन’चे. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर धावले. पुढे दर शनिवारी सकाळी, मोफत, स्वयंसेवकांच्या बळावर हा उपक्रम अनेक देशांत पसरला. यात धावलेच पाहिजे असे नाही. चालता येते किंवा नुसते स्वयंसेवक म्हणूनही उभे राहता येते. २०१८ मध्ये तेथील डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने पार्करनशी हातमिळवणी केली आणि दवाखाने रुग्णांना जवळच्या पार्करनला पाठवू लागले.

सगळेच चित्र गोड आहे असे नाही. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकातील आढाव्यात या पद्धतीच्या १५ मूल्यमापनांची छाननी झाली. बहुतेक अभ्यास छोटे, तुलनेसाठी दुसरा गट नसलेले आणि अल्पकाळाचे होते. उत्साह जास्त आणि पुरावा कमी, असा त्याचा सूर होता. त्यामुळे ही जादूची कांडी आहे असे कोणी सांगत असेल, तर सावध राहिलेले बरे.

खेळ आणि मन यांचा संबंध कितपत सिद्ध झाला आहे?

येथे पुरावा तुलनेने भक्कम आहे. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ने नैराश्यावरील व्यायामाच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात १४,१७० जण सहभागी होते. चालणे किंवा हलके धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणे कमी होतात, असे दिसले. मात्र अनेक चाचण्यांचा दर्जा मर्यादित असल्याने निष्कर्षाबाबतचा विश्वास कमी असल्याचेही अभ्यासकांनी नोंदवले.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त अमेरिकेतील १२ लाख प्रौढांच्या माहितीचा अभ्यास आला. व्यायाम करणाऱ्यांना महिन्यातील ‘मन बरे नसलेले दिवस’ न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ४३ टक्क्यांनी कमी होते. सर्वाधिक फरक सांघिक खेळांत दिसला. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, सुमारे ४५ मिनिटे हे प्रमाण चांगले ठरले. रोज तीन तासांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांचे मन मात्र तितके बरे नव्हते. हा पाहणीवर आधारित अभ्यास आहे. ज्यांचे मन बरे असते तेच खेळायला जातात, ही शक्यताही त्यात उरते. तरी सांघिक खेळ वर आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. घाम गाळण्यासोबत कोणीतरी आपली वाट पाहते, आपण आलो नाही तर विचारते, हाही उपचाराचाच भाग असावा.

शेतात राबणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कशाला?

गोरेगाव तालुक्यात हा प्रश्न पहिला येईल आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात बांधीत चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईला ‘थोडी हालचाल करा’ सांगणे ही थट्टा होईल.

संशोधन याबाबत एक महत्त्वाचा भेद करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात असे दिसले, की फावल्या वेळेत स्वखुशीने केलेली हालचाल चांगल्या मानसिक आरोग्याशी जोडलेली असते. पोटासाठी केलेल्या कष्टाचे तसे नाही. उलट कामाच्या ठिकाणची हालचाल आणि मानसिक त्रास यांचा संबंध आढळला. कारण शोधायला लांब जायला नको. रोवणीत वेळ आपला नसतो, वेग आपला नसतो आणि मजुरी किती मिळेल हेही आपल्या हाती नसते. फुगडी, लंगडी, कबड्डी किंवा सायंकाळचे फिरणे यांत हे तिन्ही आपल्या हाती असते.

म्हणून ग्रामीण भागात हा विषय ‘कॅलरी जाळण्याचा’ नाहीच. दिवसातला अर्धा तास स्वतःचा असणे आणि तो चार माणसांत घालवता येणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

गरज खरोखर किती मोठी आहे?

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण गोंदियाच्या दोन बाजूंना असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती. पाहणीच्या वेळी देशातील १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंता यांसारख्या सामान्य विकारांत १०० पैकी ८५ जण उपचाराबाहेर होते.

ढोबळ हिशेब करून पाहू. एका आशाताईकडे साधारण एक हजार लोकसंख्या असते. त्यात सहा-सातशे प्रौढ धरू. ग्रामीण भागातील प्रमाण महानगरांपेक्षा कमी असते, म्हणून आकडा थोडा खाली आणू. तरी एका आशाताईच्या हद्दीत चाळीस-पन्नास माणसे निघतात आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नसतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होते. राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या पहिल्या क्रमांकावर आणि आजारपण दुसऱ्या क्रमांकावर होते. म्हणजे दवाखान्याच्या चार भिंतींबाहेरचे प्रश्नच वरच्या स्थानी आहेत.

महाराष्ट्रात किंवा शेजारी असा प्रयोग झाला आहे का?

‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ या नावाने इंग्लंडसारखी यंत्रणा आपल्याकडे नाही. पण तिचे सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी तपासून झाले आहेत.

पहिला प्रयोग विदर्भातलाच. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. गावातील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची साखळी होती. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

दुसरा प्रयोग ‘आत्मीयता’चा. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने तो नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू केला. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात गेला. गावातील विश्वासू माणसे ‘मित्र’ म्हणून त्रासात असलेल्यांना ओळखतात. प्रशिक्षित ‘चॅम्पियन’ त्यांच्याशी चार ते सहा वेळा बोलतात, मोबाइलवर छोट्या चित्रफिती दाखवतात, कामात आणि माणसांत परत आणतात आणि पेन्शन किंवा अन्य सरकारी योजनांचे अर्जही भरून देतात. शेवटचे काम महत्त्वाचे आहे. विधवा पेन्शन अडकलेल्या बाईला आधी पेन्शन हवी, मग समुपदेशन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ‘आत्मीयता’चा उल्लेख चांगला नमुना म्हणून केला.

तिसरा प्रयोग गोव्यातील. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत सहा ते आठ बैठका मिळाल्या. त्या घेणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. बैठकीचा गाभा साधा होता. सुटलेली कामे, आवडी, भेटीगाठी हळूहळू पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले. फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

खेळाच्या बाजूने पाहिले तर नागपूरचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले, २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ते घराघरांत पोहोचले. तिथे चेंडूइतकेच महत्त्व प्रशिक्षकाला आहे. मुलगा आज का आला नाही, हे त्याच्या लक्षात येते.

गोरेगावात आज काय उपलब्ध आहे?

धानाचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३.२२ लाख. आठ तालुक्यांपैकी गोरेगाव हा गोंदिया-कोहमारा मार्गावरचा. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गोंदिया शहरात आहे. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाला भेटायचे तर एक दिवसाची मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून जावे लागते. ते एकदा जमते. दर महिन्याला जमेलच असे नाही.

गावपातळीवर मात्र बरेच काही आहे. उपकेंद्रांची आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिरे’ झाली आहेत. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणी त्यांच्या कामात येते. योगाची सत्रे घेणेही अपेक्षित असते. आशाताईंच्या अर्जातील मनाच्या दोन प्रश्नांना शून्य ते सहा गुण मिळतात. बेरीज तीनपेक्षा जास्त आली तर या अधिकाऱ्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवायचे असते.

खेळाचे म्हणाल तर शाळेचे पटांगण जवळपास प्रत्येक गावात आहे. राज्याच्या क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना आहेत. रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही खेळाच्या मैदानाचा समावेश राहिला आहे. कबड्डी तर इथल्या मातीतच आहे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. भजन मंडळे आणि महिला बचत गट वर्षभर चालतात. इंग्लंडमध्ये जे उपक्रम मुद्दाम उभे करावे लागतात, त्यांतील बरेच इथे आधीच आहेत.

मग अडते कुठे?

चार ठिकाणी.

पहिली अडचण अर्जाची. तो तीस वर्षांवरील लोकांसाठी आहे. देशातील आत्महत्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मात्र १८ ते ३० या वयोगटातील असतात. पोलीस भरतीत दोनदा मागे पडलेला किंवा पुण्याहून काम सुटून परत आलेला बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा या प्रश्नांच्या कक्षेतच येत नाही.

दुसरी अडचण विचारण्याच्या जागेची. घराच्या ओसरीवर, सासू-नवऱ्यासमोर ‘मन उदास असते का’ असे विचारले तर सून काय उत्तर देणार? शून्य गुण पडतात आणि अर्ज पुढे जातो.

तिसरी अडचण मैदानाची. मैदानावर आज असते कोण? बहुतेक सोळा ते पंचविशीची, आधीच तंदुरुस्त मुले. गावचे सामने बक्षिसाचे असतात. त्यात हरणारा बाहेर जातो आणि दमणारा आतच येत नाही. ज्याला मैदानाची सर्वाधिक गरज आहे, तो कडेला उभा राहूनही पाहत नाही. महिलांसाठी तर मैदान जवळपास बंदच असते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातील ५७ टक्के महिला आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. गावातील कष्टकरी बायकांना हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण स्वतःसाठीचा वेळ मोजला, तर अंतर याहून मोठे निघेल. शिवाय तालुक्याची बरीच गावे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून आहेत. मुरदोलीच्या बाजूला पहाटेच्या अंधारात फिरायला जा, असे कोणी सांगणार नाही.

चौथी आणि सर्वात मोठी अडचण पुढच्या आठवड्याची. गुण जास्त आले, चिठ्ठी दिली, माणूस एकदा आला. नंतर तो आला नाही तर कोणाच्या लक्षात येणार? आशाताईंकडे आधीच गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, मलेरिया, अनेक सर्वेक्षणे आहेत आणि त्यांचा बराचसा मोबदला कामागणिक ठरतो. त्यांच्या यादीत आणखी एक ओळ वाढवली, तर ती कागदावरच राहील.

गोरेगावात करायचे झाले तर कसे करता येईल?

सुरुवात एका उपकेंद्रापासून होऊ शकते. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती एका मोबदला मिळणाऱ्या दुवा कार्यकर्त्याची. तो गावातलाच असावा आणि लोकांनी त्याच्यापाशी मन मोकळे करावे, असा त्याचा स्वभाव असावा. शक्यतो एक महिला, एक पुरुष.

काम असे चालेल. समुदाय आरोग्य अधिकारी खोलीचे दार लोटून, एकट्याने बोलतील. पहिला प्रश्न आजाराचा नसेल. ‘काकाजी, पूर्वी तुम्हाला कशात मजा यायची?’ असा असेल. कोणी दंडारीत नाचत असेल, कोणी मृदंग वाजवत असेल, कोणाला पोहण्याची आवड असेल. त्यावरून दुवा कार्यकर्ता त्यांना एखाद्या गटात घेऊन जाईल. पहिले दोन-तीन वेळा सोबत बसेल. सहा ते आठ आठवडे दर आठवड्याला भेट घेईल. शेवटी तेच दोन प्रश्न पुन्हा विचारून गुण लिहील. सुरुवातीचे आणि शेवटचे गुण शेजारी शेजारी असले, तरच उपयोग झाला की नाही हे कळेल.

वेळापत्रक धानाचे हवे, कॅलेंडरचे नव्हे. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत मैदान ओस पडणारच. मार्च-एप्रिलमध्ये पहाट मोहफुले वेचण्यात जाते, मे महिन्यात तेंदूपत्त्यात, आणि दुपारी ऊन उभे राहू देत नाही. म्हणून सायंकाळ, आणि दिवाळी ते होळी हा मुख्य हंगाम. उरलेल्या काळात भजन, गप्पा किंवा घराजवळचे फिरणे.

खेळ बिनबक्षिसाचे हवेत. चाळिशीवरच्यांची हळू कबड्डी, बायकांची लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, व्हॉलीबॉल असे काहीही चालेल. शाळेचे पटांगण आठवड्यातील दोन सायंकाळी फक्त महिलांसाठी राखले आणि तेवढा वेळ लहान मुले अंगणवाडीताईंकडे किंवा आजीकडे राहिली, तर बराच फरक पडेल. ग्रामपंचायतीचा खर्च होईल तो दिव्यांचा.

नाव मात्र साधे ठेवावे. ‘मानसिक आरोग्य गट’ म्हटले की ‘डोक्यात फरक पडला’ ही कुजबुज सुरू होते. ‘सायंकाळचा गट’ म्हटले तर कोण चिठ्ठीवर आले आणि कोण सहज, हे कोणालाच कळत नाही. कळूही नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क ठरवला आहे.

यातला धोका कोणता?

सर्वात मोठा धोका म्हणजे स्वस्त पर्याय म्हणून याचा वापर होणे. मैदान दिले, आता मानसोपचारतज्ज्ञाची जागा कशाला भरायची, असा हिशेब कोणी मांडला तर ते घातक ठरेल. तीव्र नैराश्य, भ्रम, दारूचे व्यसन, आत्महत्येचे विचार यांवर कबड्डी हे औषध नाही. तिथे डॉक्टर आणि औषधच हवे. त्याच २०१७ च्या कायद्याने सरकारी खर्चाने मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करून खेळायला जाणेही धोक्याचे. ‘विश्राम’मध्येही साखळीच्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञ होता, हे विसरता येणार नाही.

दुसरा धोका दोष माणसावर ढकलण्याचा. धानाचे चुकारे महिनोन्‌महिने अडकले, सावकार दारात आला, आणि आपण त्याला ‘सकारात्मक राहा, खेळायला या’ म्हणालो तर तो चिडेल आणि ते बरोबरच असेल. म्हणूनच दुवा कार्यकर्त्याच्या वहीत मैदानाबरोबर बँक, तलाठी कार्यालय, पेन्शन आणि कायदेविषयक मदत यांचेही पत्ते हवेत.

तिसरा धोका उद्घाटनाचा. खुल्या व्यायामशाळेचे साहित्य बसते, फीत कापली जाते, छायाचित्रे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात गवत वाढते. साहित्यासाठी निधी मिळतो. रोज संध्याकाळी तिथे उभे राहून ‘या ना ताई’ म्हणणाऱ्या माणसासाठी मिळत नाही. ‘खेलो भारत नीती’तील लोकचळवळ गोरेगावात खरी होणार की नाही, हे या दुसऱ्या खर्चावर ठरेल.

आशाताईंच्या अर्जावर दोन्ही प्रश्न आहेत. गावात पटांगण आहे, मृदंग आहे, माणसे आहेत. मधला दुवा तेवढा जोडायचा आहे.

मदत हवी असल्यास : मन सतत उदास राहत असेल, जगणे नकोसे वाटत असेल किंवा ओळखीच्या कोणाबद्दल काळजी वाटत असेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. मराठीतही बोलता येते. जवळच्या आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनाही भेटता येईल.